विहिरीला दोर पुरेना

करपलेल्या कॉफीचा वास आला की अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावातली आमची लॅब आठवते. उपग्रहाच्या मोजमापांवरून आम्ही ॲमेझॉनच्या पूरपट्ट्यातलं भूजल तपासत होतो. ऐन पावसाळ्यातही एका जंगलाखालचं पाणी घटताना दिसत होतं. "डेटात एरर असेल," म्हणत मी तो भाग नकाशातून काढून टाकला. शेजारी बसलेली ब्राझीलची मैत्रीण दचकली. तिचं गाव त्याच भागात होतं. तिने लगेच आईला फोन लावला. बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "विहिरीला दोर पुरत नाही. आई म्हणते, यंदा बेडूकसुद्धा ओरडले नाहीत." मी तो भाग नकाशात परत घातला. वर्षभरात पाण्याअभावी ते गाव ओस पडलं. आता कुठलाही आकडा पुसण्याआधी मी विचारते, तिथे कोण राहतं?