माझी सही

साल २०२२, माझं वय अठ्ठ्याहत्तर. इथल्या खासगी कॉलेजाची फी झेपणारी नव्हती, म्हणून नात मुक्तानं डॉक्टरकीसाठी जॉर्जिया देश निवडला. बँक कर्ज देणार होती ते माझ्या जमिनीवर, म्हणून सही माझी लागली.

तीनदा केली. हात कापतो, जुन्या सहीशी जुळेना. साहेब म्हणाले, "बाबा, अंगठा द्या."

"दुसरी शिकलोय मी! अंगठाबहाद्दर समजता का?" म्हणून तडक उठून आलो.

परतताना एसटीच्या खिडकीवरच्या धुळीत मुक्ता बोटानं स्वतःचं नाव लिहीत होती, भराभर, न बघताच. मी बघत राहिलो. अक्षर माझ्या हाताला किती कष्टानं आलं होतं, आणि माझ्याआधी निघूनही गेलं. अंगठा देणाऱ्यांना जन्मभर हसलो, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल?

"आबा, उद्या कागद गेले नाहीत तर माझी जागा जाईल," एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर होतो. साहेबांनी शाईची डबी पुढं सरकवली, तेव्हा मुक्ताला म्हटलं, "पोरी, तू जरा बाहेर थांब."