साडूंचं पसंतीपत्र

कीटकांवरच्या वेबसाइटींचा आमच्या साडूंइतका कडक परीक्षक उभ्या जगात झाला नसेल, आणि जगाला त्याचा पत्ताही नाही. कुरुंद्याला हळद पिकवणारा हा माणूस एकदा वसमतला माझ्याकडे आला आणि इंटरनेट कॅफेत कॉम्प्युटरवर एक भुंगा पाहून असा हरखला, की दर आठवड्याला एस.टी.नं येऊ लागला. कॅफे नुकतेच निघालेले दिवस ते. मी इंग्रजीचा मास्तर, म्हणून वाचून दाखवायचं आणि टाइप करायचं काम माझं.

साडू एकटे येत नसत. लोणच्याच्या काचेच्या बरणीत एक जिवंत किडा असायचा. तो पडद्याला लावून धरायचा आणि वेबसाइट खरं बोलते का ते ताडून पाहायचं, ही त्यांची पद्धत. पण त्या काळी फोटो वरून खाली बोटाबोटानं उतरायचा. आधी मिशा, मग डोळे. साडूंना घाम फुटायचा. "मुंडकं आलं, साडूभाऊ! पाय कवा येतेन? हिकडं हे मरून राहिलं!" नेमकी तेव्हाच लाइन जायची. मग साडू झाकणाच्या भोकांतून फुंकर घालत बसायचे, आणि शेजारच्या कॉम्प्युटरवरची माझीच विद्यार्थिमंडळी तोंडं लपवून हसायची. माझा जीव किड्यापेक्षा जास्त गुदमरायचा.

निकाल मात्र झटपट. उघडल्याबरोबर गाणं वाजलं की वेबसाइट नापास. एकीवर माऊसच्या मागे फुलपाखरू धावायचं. साडू संतापले. "फुलपाखरू काय कुत्रं हाय का मागं मागं फिरायला?" पान, फांदी काही न दाखवता नुसता किडा दाखवला, तर "राहतो कुठं ह्यो? खातो काय?" म्हणून पुढे. एका वेबसाइटीनं तर दिसेल त्या जिवाला पिकाचा शत्रू ठरवलं होतं. "ह्याला किडा न्हाई दाखवायचा," साडू म्हणाले, "ह्याला औषध इकायचंय."

अशा माणसाला एक वेबसाइट पसंत पडली. परदेशातल्या कुणा म्हाताऱ्यानं आपल्या परसातले किडे टिपून मांडले होते. रंग नाही, गाणं नाही. एका मुंगळ्याच्या फोटोखाली नावावर रेघ मारलेली, शेजारी नवं नाव, आणि खाली मजकूर: आधीचं नाव चुकलं, चूक माझी. मी वाचून दाखवल्यावर साडूंनी बरणी खाली ठेवली.

"पुसता आलं असतं की त्याला. कोण बघून राहिलं होतं?"

"मग काहून नाही पुसलं?" मी त्यांच्याच बोलीत चिडवलं.

"मानूस खरा हाय, साडूभाऊ. ह्याला पसंतीपत्र द्या."

पुढच्या खेपेला ते मुंगळ्यांनीच बरणी भरून घेऊन आले. पसंतीपत्राचं एकेक वाक्य साडू सांगत होते, मी इंग्रजीत टाइप करत होतो. निम्मं झालं आणि मागून आवाज आला, "नमस्कार, सर!" माझा जुना विद्यार्थी, आता साहेब झालेला, दारात उभा होता. बरणी दिसू नये म्हणून मी ती घाईनं टेबलाखाली सरकवायला गेलो. हातातून निसटली, झाकण उडालं. मुंगळे कीबोर्डात शिरले, खुर्च्यांवर चढले, पोरं टेबलांवर चढली. मालक ओरडला, "कुणी सांडली?" सगळे साडूंकडे बघू लागले. साडू माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणालो, "किती वेळा सांगितलं तुम्हाला, बरणी आणू नका म्हणून!"

साडू खाली बसून रुमालानं मुंगळे गोळा करू लागले. मालकानं कॉम्प्युटर बंद केला, त्यासोबत अर्धवट पत्रही नाहीसं झालं. "बरणीवाले काका, पुन्हा हिकडं यायचं न्हाई!" त्यानं बजावलं. माझ्या घराच्या फाटकाशी साडू एवढंच म्हणाले, "माझ्यापायी तुमची इज्जत गेली." त्यानंतर वसमतला आले तरी कॅफेचं नाव काढलं नाही.

तेव्हापासून आमच्या नात्यात प्रत्येक लग्नात पंगत उठली की फर्माईश होते, "काका, साडूंनी मुंगळे सांडले ते सांगा!" मी सांगतो. रंगवून सांगतो. सगळ्यात मोठ्यानं साडू हसतात. पुढच्या महिन्यात त्यांच्याच नातीचं लग्न आहे. तिथेही फर्माईश होणार. तिच्या सासरची माणसं आजोबांना याच गोष्टीवरून ओळखणार.

परवा मी ती वेबसाइट शोधली. उघडत नाही. त्या म्हाताऱ्याला कधी कळलंच नाही, की कुरुंद्याच्या एका माणसानं त्याला पास केलं होतं.

म्हणून लग्नात सांगायची ती गोष्ट या वेळी आधी कागदावर लिहून काढलीय. मांडवात वाचून दाखवीन. गोष्टीचं पहिलं वाक्य इतकी वर्षं सांगितलं तसंच ठेवलंय: 'साडूंनी बरणी सांडली.' त्यातलं 'साडूंनी' पुसलेलं नाही. त्यावर रेघ मारलीय आणि वर लिहिलंय, 'मी'.