बेडकाचा चौथा कप्पा

"हृदयाला कप्पे किती?" एक्स्टर्नल सरांनी विचारलं.

"तीन, सर."

"मोज."

सरांनी फायबरच्या बेडकाच्या छातीवरचं झाकण काढलं, हृदय उचललं, त्याचे दोन भाग केले आणि अश्विनीच्या नाकासमोर धरले. तिनं मोजले. शेजारच्या खुर्चीवरून मीही मोजले. चार होते.

"सर, मॉडेल चुकलं आहे," अश्विनी म्हणाली.

सरांनी मार्कशीटवर शून्य काढलं. एकदा काढून समाधान झालं नसावं, पुन्हा गिरवलं. तिच्या आधीच्या अकरा जणांनी मॉडेलकडे पाहून चार सांगितले होते आणि पूर्ण मार्क घेऊन गेले होते.

मी नागपूरच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षांपासून प्राणिशास्त्र शिकवते. बीएस्सीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला दोन परीक्षक असतात. इंटर्नल म्हणजे घरचा, एक्स्टर्नल म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेला. प्रश्न एक्स्टर्नल विचारतो. इंटर्नलनं मुख्यतः त्याचं जेवण वेळेवर येईल हे पाहायचं असतं. त्या दिवशी सावजीचं चिकन सांगून ठेवलं होतं आणि जाताना द्यायला संत्रा बर्फीचा डबाही आणून ठेवला होता. तयारीत काही कमी नव्हतं. कमी होती ती बेडकात, खरं म्हणजे जास्त होती.

आम्ही शिकलो तेव्हा खरा बेडूक असे. क्लोरोफॉर्म देऊन तो मेणाच्या ट्रेमध्ये उताणा ठेवायचा, चारी पायांना टाचण्या टोचायच्या आणि पोटाची कातडी कात्रीनं मधोमध उघडायची. हृदय बराच वेळ धडधडत राहायचं. मला पहिल्यांदा रडू आलं होतं, आणि रडत रडतच मी ते वहीत काढलं होतं. वर दोन कप्पे, ती अलिंदं. खाली एकच, तो निलय. खालचा कापून पाहिला, आत एकच पोकळी. तीन म्हणजे तीन.

आता कॉलेजात बेडूक कापायला बंदी आहे. चांगलंच झालं, बेडकांचीही काही तक्रार नसावी. त्याऐवजी प्राचार्यांनी कळमेश्वरच्या एका वर्कशॉपमधून हा दोन फुटी हिरवा बेडूक बनवून आणला. सगळे अवयव काढता-घालता येतात. फीत कापून त्याचं उद्घाटन झालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. त्याचं हृदय मात्र आमच्यापैकी कोणीच उघडून पाहिलं नव्हतं.

प्रॅक्टिकलमध्ये वेगळं पास व्हावं लागतं. अश्विनी रामटेकच्या पुढच्या एका खेड्यातून येणारी. धानाच्या रोवणीत घरी हात हवे होते म्हणून तिचे चार-पाच प्रॅक्टिकल बुडाले आणि हजेरीचे मार्क गेले. त्यात हे शून्य धरलं तर ती नापास होणार होती. वर्ष वाया गेलं तर पुन्हा फी भरणार नाही, असं तिच्या बाबांनी पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं. तिनंच मला सांगितलं होतं.

ती बाहेर गेल्यावर मी हळूच म्हटलं, "सर, बेडकाला तीनच असतात."

"मला माहीत नाही का मॅडम?"

"मग शून्य कसं?"

"समोर जे ठेवलं ते प्रमाण. मॉडेल तुमचं, कॉलेज तुमचं. तुमचं कॉलेज म्हणते चार. मी बाहेरचा माणूस, तुमच्या बेडकात कशाला पडू?"

मी तडक प्राचार्यांकडे गेले. त्यांच्या टेबलावर कॉलेज तपासायला येणाऱ्या कमिटीच्या फायलींचा ढीग होता.

"मॅडम, पुढच्या आठवड्यात कमिटी येऊन राहिली, अन् तुम्ही आता म्हणता बेडूक चुकला?"

"चुकलाच आहे सर."

"काहून चुकला? डायग्राम तर तुमच्याच डिपार्टमेंटनं दिली होती."

प्राचार्यांनी फायलींचा ढीग बाजूला सारला.

"त्या मुलीला जर्नलमध्ये वाढवून द्या ना मार्क. ते तर तुमच्याच हातात आहे. पण बेडकाले हात लावू नका."

जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही. पोरं आकृत्या काढतात, आम्ही बरोबरची खूण करून सही ठोकतो. लॅबमध्ये येऊन मी देवरावांना अश्विनीची जर्नल काढायला सांगितली. देवराव आमचे लॅब अटेंडंट. खरे बेडूक होते तोपर्यंत ते तलावावरून पकडून आणणं, गुंगी देणं, टाचणं सगळं तेच करायचे.

बेडकाच्या हृदयाचं पान उघडलं. सुबक आकृती, तीन कप्पे, नावं बरोबर. खाली लाल शाईत लिहिलं होतं, "अपूर्ण. मधली भिंत दाखवली नाही." एक मार्क कापलेला. सही माझी.

मायबाई! मी दोनदा वाचलं. अक्षर माझंच होतं.

मग मी इतरांच्या जर्नली काढल्या. सगळ्यांच्या निलयात उभी रेघ, दोन कप्प्यांमधली भिंत. गेल्या वर्षीच्यांत तीच. त्याच्या आदल्या वर्षीच्यांतही तीच. प्रत्येक भिंतीखाली माझी सही.

देवरावांनी कपाटातून मास्टर जर्नल आणली. कधीकाळी पहिल्या आलेल्या एका मुलाची वही आम्ही नमुना म्हणून जपून ठेवली आहे. दर वर्षी पोरं तिचीच झेरॉक्स काढतात, आणि आम्हीही त्या झेरॉक्सशी ताडूनच जर्नली तपासतो. कळमेश्वरलाही तीच झेरॉक्स गेली होती. देवरावांनी ते पान खिडकीपाशी धरलं.

"हे भिंत नाही होय मॅडम. घडी होय."

खरंच. मूळ आकृतीत तीनच कप्पे होते. कोणीतरी पान मधोमध दुमडलं होतं. झेरॉक्समध्ये ती घडी काळी रेघ होऊन उतरली. एका बॅचनं ती पेन्सिलीनं काढली, पुढच्या बॅचनं तिला बाण काढून नाव दिलं, मी सही केली, आणि कळमेश्वरवाल्यांनी ती फायबरमध्ये ओतली.

"तुम्हाला आधी दिसलं होतं का देवराव?"

"दिसलं होतं ना. बेडकं त मीच टाचून देत होतो तुमाले. पण मले कोन इचारते?"

मला माझाच इतका राग आला की काय सांगू. जिनं रडत रडत ते हृदय हातात धरून पाहिलं होतं, त्याच बाईनं एका पोरीला लाल शाईत खोटं ठरवलं होतं. आणि आता गुपचूप दोन मार्क वाढवून मोकळं व्हायचं, असा प्राचार्यांचा सल्ला होता.

मी कोरा कागद घेतला आणि स्टाफरूममध्ये गेले. एक्स्टर्नल सर जेवत होते.

"सर, लिहून आणलं आहे. मॉडेलमधलं हृदय चुकीचं. विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर. जर्नल तपासण्यातली चूक माझी."

सरांच्या हातातला लेगपीस मधेच थांबला. "सही कोणाची?"

"माझी."

"फक्त तुमची?"

"फक्त माझी."

"अहो, मग आधीच सांगायचं ना!" सरांनी डाव्या हातानं मार्कशीट ओढली, शून्य खोडलं आणि पूर्ण मार्क टाकले. "अन् त्या अकरा जणांचं?"

"राहू द्या सर. आम्ही शिकवलं तेच त्यांनी सांगितलं."

"हे बरोबर," म्हणत ते रश्श्याकडे वळले. बर्फीचा डबा न विसरता घेऊन गेले.

कॉलेजची प्रतिमा मलिन केल्याबद्दल मला मेमो मिळाला. कमिटी आली, अध्यक्षांनी बेडकाचं हृदय उघडलं, मिटलं आणि अहवालात "अत्यंत उपयुक्त" असं लिहिलं. बेडूक अजून काचेच्या कपाटात आहे, चार कप्प्यांसकट.

निकाल लागल्यावर अश्विनी जर्नल घेऊन आली. पास झाली होती.

"मॅडम, ते लाल कापून द्या ना."

"आता कशाला गं? पास झालीस ना?"

"झाली. पण बाबाले दाखवली होती मी जर्नल. म्हटलं, पुस्तकात तीनच आहेत. तर ते म्हणाले, मॅडमनं लाल केलं म्हणजे तुयंच चुकलं असंन."

मी माझी ओळ खोडली. खाली लिहिलं, "आकृती बरोबर. तपासणारीचं चुकलं." सही केली. तिनं ते उभ्यानंच वाचलं, शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली आणि गेली.

एका जर्नलवर सही करायला मला आधी दोन सेकंद लागायचे. आता पाच मिनिटं लागतात, कारण पान वाचावं लागतं. साठ जर्नली झाल्या की मान धरते. धरू दे.