तोंड उघड

"तोंड उघड," डॉक्टर म्हणाले. मी पेशंट नव्हते.

खुर्चीत सात-आठ वर्षांचा मुलगा होता. शेजारी त्याची आई, पुण्याची. मी कोपऱ्यात वही घेऊन उभी. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. परदेशातल्या डेंटल कॉलेजच्या प्रवेशासाठी एखाद्या डेंटिस्टजवळ शंभर तास थांबून काम बघायचं आणि त्याची सही आणायची, अशी अट. इथे आखातात, अल कुसैसमधल्या आमच्या घराजवळ या मराठी डॉक्टरांचं क्लिनिक होतं. एक्क्याऐंशी तास झाले होते.

मी तोंड उघडलं. त्यांनी ग्लोव्हच्या बोटाने माझा ओठ वर ओढला. बाजारात बैलाचे दात बघतात तसा.

"बघ हबीबी, ब्रश नाही केला की असं होतं."

"ईऽ, सो डर्टी!" पोरगं ओरडलं.

आई हसली. "तुमच्या लोकांत सवयच नसेल ना गं?" माझं आडनाव तिने आल्या आल्याच विचारून घेतलं होतं.

माझे दात तपकिरी आहेत. दहा वर्षांची होईपर्यंत मी गावी होते. आमच्या वस्तीला एकच हापसा. त्याच्या पाण्यात फ्लोराइड. वस्तीतल्या सगळ्या पोरांचे दात असेच. घासून डाग जात नाहीत. डॉक्टरांना हे माहीत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनीच सांगितलं होतं, "फ्लोरोसिस आहे हा."

जिभेवर रबराची चव आली. पण जास्त किळस आली ती माझीच. याआधी दोनदा मी असंच तोंड उघडलं होतं. सहीसाठी. वर हसलेही होते.

मी त्यांचं मनगट धरून हात बाजूला केला.

"डॉक्टर, हे घाणीने नाही, पाण्याने झालंय. तुम्हाला माहितीये. त्याला खरं सांगा."

ती बाई मोबाइलमध्ये बघायला लागली. डॉक्टरांनी ग्लोव्ह काढून कचऱ्यात टाकले. नवे घातले.

"खलास. निघ तू. सही विसर."

निघाले.

घरी आई म्हणाली, "सॉरी म्हण गं. एकोणीस तासच तर राहिलेत." पप्पांचेही दात असेच. ऑफिसात ते तोंडावर हात धरून हसतात.

सॉरी म्हटलं नाही. शारजात एका मल्याळी डॉक्टरबाईंकडे पहिल्या तासापासून पुन्हा सुरुवात केली आहे.

अर्जात लिहावं लागतं, डेंटिस्ट का व्हायचंय. मी आधी सेवा, आवड असलं गुळगुळीत काहीतरी लिहिलं होतं. ते सगळं पुसलं. त्या खोलीत घडलेलं जसंच्या तसं लिहिलं. यंदा नाकारलं तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन. त्यातला एक शब्दही बदलणार नाही.