निरोगी क्रमांक चार

विद्यापीठाच्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे पट्टीताई म्हणत. हुद्दा संशोधन सहाय्यक, तोही दर अकरा महिन्यांनी नव्यानं मागून घ्यायचा. काम पट्ट्यांचं. बोटाएवढी प्लास्टिकची पट्टी, तिच्या टोकाला काळा ठिपका आणि त्या ठिपक्यावर बसवलेली प्रतिपिंडं. रक्तातल्या हजार गोष्टींतून नेमकं एकच प्रथिन पकडायचं, एवढंच प्रतिपिंडाचं काम. ते पकडलं की मीटरवरचा आकडा चढतो. स्वादुपिंडात गाठ धरायला लागली की हे प्रथिन रक्तात उतरतं, आणि ही गाठ मोठी लबाड, दुखायला लागते तेव्हा वेळ गेलेली असते. तिला वेळेत पकडणारी पट्टी करायची म्हणून सर आणि पट्टीताई सहा वर्षं घासत होते.

आजाऱ्यांचं रक्त हॉस्पिटलातून यायचं. निरोगी रक्त मात्र कोण देणार? कुणाला सुई टोचून घ्यायची हौस नसते. म्हणून तिथली रीत अशी पडली होती की ज्यानं त्यानं आपल्या घरचं एक धडधाकट माणूस आणायचं. सरांनी मेहुण्याला आणलं. पट्टीताईनं बाबांना आणलं.

बाबा शिंपी. वय एकाहत्तर, पण रोज पहाटे तासभर चालायचे आणि सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवायचे. फॉर्मवर सही करताना ते नर्सला म्हणाले, हिच्या शिक्षणापायी तसंही रक्त आटवलंच आहे, उरलेलं तेवढं घ्या. त्यांच्या नळीवर पट्टीताईनं स्वतःच्या हातानं चिठ्ठी लावली: निरोगी क्रमांक चार. नावं लपवण्यासाठी नंबर असतात खरे, पण चिठ्ठी लावणाऱ्यापासून काय लपणार?

प्रतिपिंडांचे बारा प्रकार होते, त्यांनाही नंबरच. त्यांतला नऊ नंबर सगळ्यांत तिखट निघाला. आजाऱ्यांचं रक्त तो झटक्यात ओळखायचा. दहा निरोगी नळ्यांपैकी नऊ नळ्यांत आकडा दहाच्या आत राहिला. चार नंबरच्या नळीत तो अडतीसवर गेला.

तिनं पट्टी बदलून पाहिली, मीटर बदलून पाहिला. अडतीस. सरांनी हात झटकले. निरोगी रक्तात आकडा चढला तर दोष प्रतिपिंडाचा, हा या धंद्यातला पहिला धडा. नऊ नंबर चिकट आहे, दिसेल त्याला मिठी मारतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. पट्टीताईला ते लगेच पटलं. रक्त बाबांचं होतं, आणि बाबांना कधी साधी सर्दी झालेली तिनं पाहिली नव्हती.

मग तिनं नऊ नंबरला वळण लावायचा चंग बांधला. चिकटपणा जावा म्हणून साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत पट्ट्या भिजवल्या, धुवायच्या पाण्यात मीठ वाढवलं, तीनदा धुवायच्या तिथं आठदा धुतल्या. पाच आठवडे हेच. तो मात्र सदतीस-अडतीसच्या खाली यायला तयार नव्हता. शेवटी तिनं वहीत लिहिलं, ‘नऊ नंबर खोटा आकडा देतो. बाद.’ आणि त्याची डबी फ्रीजरच्या तळाच्या खणात ढकलली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, पण तेव्हा तिला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

आठ महिन्यांनी बाबांनी स्वतःची पँट कमरेत आवळून शिवली. दीड महिन्यानं पुन्हा आवळली. चालणं मानवतंय तुम्हाला, असं तिनं कौतुकानं म्हटलं. मग एका सकाळी त्यांचे डोळे पिवळे दिसले. हॉस्पिटलात फोटो काढले, आणि डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाले, सात-आठ महिने आधी आला असतात तर स्वादुपिंडातली गाठ काढून टाकता आली असती.

दुसऱ्या दिवशी तिनं तळाच्या खणातून नऊ नंबरची डबी काढली. चार नंबरच्या जुन्या नळीत थोडं रक्त शिल्लक होतं. आकडा सदतीस आला. आजाऱ्यांच्या एकेका थेंबासाठी तिनं हॉस्पिटलाचे उंबरे झिजवले होते, आणि काखेत कळसा होता. सर म्हणाले, आपण नियमानं वागलो. ते खरंच होतं. त्यामुळेच तिला कुणावर रागावताही येईना.

बाबांना सांगायचं की नाही, यात तीन आठवडे गेले. ते रोज विचारायचे, माझं रक्त कामाला आलं का गं? ती हो म्हणायची आणि विषय बदलायची. न सांगता बाबा गेले तर आपण जन्मभर स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही, हे तिला कळत होतं. सांगितलं तर त्यांच्या उरल्या दिवसांत विष कालवल्यासारखं होणार होतं.

एका दुपारी त्यांच्या पायांना तेल लावता लावता तिनं सगळं सांगून टाकलं. वर बघायची हिंमत झाली नाही.

“आकडा किती आला होता?” बाबांनी विचारलं.

“अडतीस.”

“आणि तू?”

“मी आकडा सोडून तुम्हाला बघितलं, बाबा.”

बाबा हळूहळू म्हणाले, “गिऱ्हाईक भांडायचं, टेप चुकतेय म्हणून. मी कधी ऐकलं नाही, टेप सांगेल तसंच कापलं. पण तुझ्या आईचं शेवटचं ब्लाऊज मी अंदाजानं शिवलं. टेप लावली असती तर ती किती आटली ते दिसलं असतं. फार ढगळ झालं ते. ती काही बोलली नाही, तसंच घातलं.” त्यांनी पाय आखडून घेतले. “घरच्या माणसाचं माप घेता येत नाही गं.”

ती त्यांच्या पायांवर डोकं टेकून रडली. त्यांनी तिला रडू दिलं.

प्रयोगशाळेच्या वहीत खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या शब्दावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही नि तारीख. ‘खोटा आकडा देतो. बाद.’ यावर तिनं त्याच आठवड्यात रेघ मारली. नऊ नंबर पुन्हा वरच्या खणात आला आणि सर त्याच्यावर नव्यानं कामाला लागले. ‘निरोगी क्रमांक चार’ मात्र तसंच राहिलं होतं. सरांनी दोनदा आठवण करून दिली, तिनं दोनदा मान डोलावली आणि पान उलटलं.

बाबांना जाऊन बारा दिवस झाल्यावर ती कामावर आली. एप्रन चढवला, वही उघडली, पट्टी ठेवून ‘निरोगी’ या शब्दावर सरळ रेघ ओढली आणि सही केली. तारीख मागची घालता येत नाही, ज्या दिवशी चूक सुधारली त्याच दिवसाची घालावी लागते. तिनं ती घातली.