दुसरं कार्ड, तिसरा मजला

लिफ्टवाल्या काकांबद्दल लिहायचं तर त्यांच्या कानांपासून सुरुवात करायला हवी. तीस वर्षं ते लिफ्ट दुरुस्त करतायत. गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत शिरले की आधी काहीच उघडत नाहीत. डोळे मिटून उभे राहतात. दोर कुठे घासतोय, बेअरिंग कुठे रडतंय, ते त्यांना ऐकू येतं.

"यंत्र खोटं बोलत नाही," ते म्हणतात. "माणसाचं काही सांगता येत नाही. तुझं तर मुळीच नाही, पंडित."

पंडित म्हणजे मी. साहित्यात एम. ए. केलं म्हणून हे नाव. पोट मात्र शिकवणीवर्गांचे व्हिडिओ जोडून भरतो. काका तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी चौथ्या. वयात तीस वर्षांचं अंतर. तरी आमची मैत्री होती. 'होती' असं लिहिताना हात अडतो.

काकांना एकच नाद. संध्याकाळी सहाला कामावरून आले, हातपाय धुतले, की संगणकावर ट्रक चालवायचा. खेळातला ट्रक. सिमेंट भरायचं, घाट ओलांडायचा, पोचवायचं. शर्यत नाही, मारामारी नाही. रस्ता रिकामा असला तरी काका सिग्नलला थांबत. आणि हे सगळं ते इंटरनेटवरून थेट दाखवत. बघणारे चार-पाच जण. काका त्यांच्याशी बोलत राहायचे. रस्त्याबद्दल, गिअरबद्दल, आज कुठली लिफ्ट कशी अडकली त्याबद्दल.

"हे कोण बघतं हो?" मी एकदा विचारलं.

"तू आठशे पानांची पुस्तकं वाचतोस, त्यात तरी काय घडतं?"

प्रक्षेपण सुरू झालं की त्यांच्या संगणकाचा पंखा बोंबलायला लागायचा. खेळ चालवायचा आणि त्याच वेळी त्याचं चित्र आवळून, म्हणजे लहान करून, बाहेर पाठवायचं, सगळा भार एकाच जिवावर. घराने त्यावरून नियमच बांधला होता. पंखा ओरडतोय म्हणजे बाहेरची माणसं ऐकतायत. काकू मिक्सर बंद करत. मीही दारातून खुणेने बोलायचो. पंखा शांत झाला की घर पुन्हा तोंड उघडायचं.

मग खेळाची नवी आवृत्ती आली आणि जुन्या संगणकाला ती झेपेना. चित्र गोठू लागलं. बघणारे एकेक करून पांगले. उरला एकच. त्याचं नाव 'तिसरा मजला'. त्याने लिहिलं, 'चित्र अडकतंय.' दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी काका माझ्या दारात.

"पंडित, काहीतरी कर. हाही जाईल."

"एक माणूस गेला तर असं काय आभाळ कोसळणार आहे?"

ते चप्पल न काढता उंबऱ्यावर उभे राहिले. लिफ्टमध्ये कोणी अडकलंय असा फोन आला की त्यांचा चेहरा असा होतो.

माझ्याकडे एक जुनं ग्राफिक्स कार्ड पडून होतं. रविवारी दुपारी ते घेऊन मी खाली गेलो. उपाय सांगितला. संगणकात आधीपासून असलेलं पहिलं कार्ड फक्त खेळ रंगवेल. हे दुसरं फक्त ते चित्र आवळेल, साठवेल आणि बाहेर पाठवेल. कोणी कोणाच्या कामात पाय घालणार नाही.

"म्हणजे लिफ्टच्या मागचं वजन," काका म्हणाले. "लोकांना वाटतं, सगळं मोटरच उचलते. अर्ध्याहून जास्त ते वजन पेलतं. दिसत नाही कोणाला, एवढंच."

कार्ड खाचेत बसवलं. पडद्याची केबल पहिल्या कार्डालाच ठेवली. पॉवर सप्लायला दोघांचा भार पेलेल का, हे काकांनी दोनदा तपासलं. मग मी सेटिंगमध्ये शिरलो. चित्र आवळायचं काम कोणत्या कार्डाला द्यायचं, असा एक रकाना होता. दुसरं कार्ड, म्हणून मी दोन लिहिलं. चुकलं. पुन्हा दोन. पुन्हा चूक. तास गेला. कार्डच खराब आहे, असं मी जाहीर करणार होतो.

काका मागून वाकले. "मोजणी शून्यापासून आहे ना? मग तळमजला शून्य. दुसरं कार्ड पहिल्या मजल्यावर. एक लिही, पंडित."

एक लिहिलं. चाललं.

"कुठल्या विद्यापीठात शिकवतात हो हे?"

"लिफ्टच्या खड्ड्यात," ते म्हणाले.

चाचणीसाठी मी रेकॉर्डिंग आणि प्रक्षेपण दोन्ही एकदम सुरू केलं. काकांनी दहा मिनिटं ट्रक चालवला. चित्र तेल घातल्यासारखं सरकत होतं. मध्येच बघणाऱ्यांचा आकडा शून्याचा एक झाला. 'तिसरा मजला' आला होता. काका खुर्चीत सरळ बसले आणि घसा साफ केला.

"जमलं," मी म्हणालो आणि थांबवायचं बटण दाबलं.

तिथे बटणं दोन असतात. एक रेकॉर्डिंगचं, एक प्रक्षेपणाचं. मी रेकॉर्डिंगचं दाबलं, खिडकी लहान करून खाली ठेवली आणि समजलो, सगळं थांबलं. काकांनी सवयीने कान दिला. पंखा गप्प होता. त्यांनी खांदे सैल सोडले. काकूंनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या.

मी विचारलं, "काका, खरं सांगा. हा 'तिसरा मजला' कोण?"

त्यांनी कप हातात फिरवला. "मुलगी."

मुलगी सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेली, एवढं मला माहीत होतं. आईला फोन करते. वडिलांशी एक शब्द नाही.

"तिने सांगितलं तुम्हाला?"

"छे. घाटातल्या वळणावर एकदा लिहिलं होतं, 'इथे ब्रेक नेहमी उशिरा लावता.' तिला स्कूटर शिकवताना मी हेच ओरडायचो. फक्त 'लावतेस' म्हणायचो."

"मग विचारत का नाही तिला?"

"विचारलं की जाईल. मला ठाऊक नाही असं तिला वाटतं, म्हणून तर येते. चालू दे तसंच."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर चहा होता, काम फत्ते झालं होतं आणि मला एक वाक्य सुचलं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"कमाल आहे! बापाशी बोलायचं नाही आणि चोरून बघायचं. काका, तुमची मुलगी म्हणजे अडकलेली लिफ्ट. ना वर, ना खाली. बटण दाबलं की नुसता दिवा लागतो."

काका हसले. माझं मन राखायला हसले, हे आता कळतं. पण हसले, आणि चांगले मोठ्याने.

कप ठेवताना माझा हात माऊसला लागला आणि ती लहान केलेली खिडकी वर आली. कोपऱ्यातला लाल ठिपका पेटलेला होता. बघणारे, एक. खाली नवी ओळ.

'आता चित्र अडकत नाही. आवाजही स्वच्छ येतोय.'

आम्ही दोघं ती ओळ बघत होतो तेवढ्यात एकाचं शून्य झालं.

मी तेव्हा कुठे दुसरं बटण दाबलं.

काका संगणकाच्या खोक्याकडे बघत होते. म्हणाले, "पंखा ओरडला नाही रे. दुसऱ्या कार्डाने भार घेतला."

मला रागवा, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. ते रागावले नाहीत. "चहा घे," म्हणाले. "निवतोय." मी तो थंड चहा घशाखाली ढकलला. जिन्याने वर गेलो. पायऱ्या संपत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी काकू जिन्यात भेटल्या. हातात भाजीची पिशवी. मी मान खाली घालून बाजूला झालो.

"तुला कोणी सांगितलं होतं का ते?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ती का गेली ते."

मी नाही म्हणालो.

"परीक्षेत नापास झाली होती. घरात पाहुणे होते. ती पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि हे म्हणाले, आमची लिफ्ट पहिल्याच मजल्यावर अडकली. सगळे हसले. आठ दिवसांत गेली." काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुला ठाऊक नव्हतं. पण तिला काय वाटलं असेल? सहा वर्षं झाली तरी हे अजून तोच विनोद सांगून लोकांना हसवतायत."

"मी तिला फोन करतो, काकू. विनोद माझा होता, असं सांगतो."

"माझाही उचलत नाहीये."

मी तिला 'तिसरा मजला' या नावावर निरोप लिहिला. पुसला. पुन्हा लिहिला. चार ओळींत क्षमा मागायला एम. ए. लागत नाही, तरी मला ते साधेना. शेवटी पाठवला. उत्तर आलं नाही.

चौथ्या दिवशी सहा वाजता खालून काकांचा आवाज आला. माझ्या फरशीखालीच त्यांची खोली आहे. ते कोणाशी तरी बोलत होते. ती आली असेल का? मी मोबाइलवर त्यांचं प्रक्षेपण उघडलं. नाव न लावता, नुसतं बघायला. आकडा एक होता.

जीव भांड्यात पडला. मग लक्षात आलं, तो एक मीच होतो.

खाली काका वाक्याच्या मध्येच थांबले. मला फरशीतून आणि मोबाइलमधून, दोन्हीकडून त्यांनी घसा साफ केलेला ऐकू आला. आवाज बदलला. सावकाश, जपून बोलू लागले, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी दाराबाहेरून बोलतात तसे.

"बरं झालं," ते म्हणाले. "रस्ता आता मोकळा आहे. पुढे घाट आहे. घाई नाही. आज ब्रेक आधी लावणार आहे."

वळण खूप लांब होतं, तेव्हाच त्यांनी ब्रेक लावला. ट्रक जवळजवळ थांबला. मग रांगत, रांगत वळला.

मोबाइल बंद करावा, असं मनात आलं. केला असता तर एकाचं शून्य झालं असतं. मी केला नाही.

त्याला आता दीड महिना झाला. रोज सहाला मी मोबाइल उघडतो आणि सात वाजेपर्यंत हलत नाही. एकदाही काही लिहिलेलं नाही. काल काकू जिन्यात थांबल्या.

"हे म्हणतात, ती पुन्हा येते. बोलत नाही, पण येते रोज. जेवायला लागलेत जरा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं असेल ना रे? तुला त्या यंत्रातलं कळतं."

मी हो म्हणालो.