खंड्या, पूर्ण शंभरवर

माझ्या आयुष्यातला एकमेव चांगला फोटो मी भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने पुसून टाकला.

शहागडला हायवेवर माझं पाण्याच्या मोटारी आणि पाईपांचं दुकान आहे. शून्यातून उभं केलं. पण सासरवाडीत किंमत माझ्या साडूला. ते जालन्याला प्राध्यापक, आणि पक्ष्यांचे फोटो काढतात. एका लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमाला पाईप समजतो, पाखरू न्हाई." जिलेबी तशीच टाकून मी उठलो (नंतर आत जाऊन खाल्ली) आणि त्याच आठवड्यात कॅमेरा घेतला.

हिवाळाभर गोदावरीच्या चिखलात बसलो. शेवटी खंड्या मिळाला. पाण्यातून वर उसळलेला, चोचीत आडवा मासा, पंखांवरून थेंब उडताहेत. हा जालन्याच्या फोटो-चित्रांच्या प्रदर्शनात लागला की साडूचं तोंड बंद, बस.

पण कॉम्प्युटरवर उघडला तर फिक्का, मळकट. कॅमेरावाला म्हणाला होता, "ही रॉ फाईल, म्हणजे कच्ची. रंग-उजेड सॉफ्टवेअरमध्ये तुमीच काढायचा." त्यात प्रत्येक गोष्टीला एक पट्टी, शून्यापासून शंभरपर्यंत. शंभर मिळत असताना वीसवर थांबेल तो दुकानदार कसला? सगळ्या पट्ट्या टोकापर्यंत ओढल्या.

बायको चहा घेऊन आली.

"अहो, हे काय होय?"

"खंड्या."

"करंट बसला का त्याला?"

"तुला न्हाई समजायचं."

"मासा भगवा दिसून राह्यला. अन् नदी इतकी हिरवी कधी पाह्यली तुमी?"

मी भडकलो. तिच्यादेखत फोटो सेव्ह केला आणि कच्ची फाईल कायमची पुसली. पक्का माल तयार झाल्यावर कच्चा कोण सांभाळत बसतो?

प्रदर्शनात टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "रॉ फाईल दाखवा. फोटो खरा का, ते त्यावरूनच कळतं."

"पुसली."

"पुसली?"

साडू शेजारीच होते. हसले असते तर मी भांडलो तरी असतो. ते फोटोजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "काय केलं हो हे. असा मासा मला आजवर न्हाई सापडला." त्यांनी जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक केलं, आणि ज्याचं केलं ते जगात कुठेच उरलं नव्हतं.

"फोटो म्हणून न्हाई घेता येणार," बाई म्हणाल्या. "चित्रांत लावते."

"मोठ्यांच्या?"

"न्हाई हो. मोठे लोक रंग जपून वापरतात."

मी तावातावाने घासाघीस केली. शेवटी लहान गटात, उत्तेजनार्थवर सौदा पटला. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे प्रमाणपत्र धरून इकडेतिकडे बघू लागले. "लेकरू कुठंय?"

मी हात वर केला.